बायोडाटात केळी का नाही?

नमस्कार श्रोतेहो. आज नोकरीच्या अर्जाविषयी बोलू. तुमच्या घरात कोणी नोकरी शोधत असेल, तर त्याचा बायोडाटा तुम्ही कधी वाचलाय का? सायबर कॅफेवाल्याकडे एक साचा तयार असतो. नाव बदलायचं, फोटो टाकायचा, प्रिंट काढायची, झालं काम. छंद : वाचन, संगीत, क्रिकेट. धरणगावच्या पोराचे हेच छंद आणि शहाद्याच्या पोरीचेही हेच. अख्ख्या खान्देशात एवढं वाचन चालतं म्हणावं, तर वाचनालयांत गर्दी दिसायला हवी होती!

यावरून एक किस्सा सांगतो. माझ्या मावसबहिणीचा मुलगा, सावद्याजवळच्या गावचा. नाव सांगत नाही, तो आत्ता रेडिओ लावून बसला असेल. बीएस्सी झाला आणि जी जाहिरात दिसेल तिला अर्ज. तलाठी, पोलीस, बँक, पाइपची कंपनी, कशालाही. विचारलं की एकच उत्तर : "मामा, कोणतीही नोकरी चालेल."

तर एकदा रावेरकडच्या एका केळीच्या पॅकहाऊसमधून बोलावणं आलं. सुपरवायझर हवा होता. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, 2021 मध्ये तांदलवाडीची केळी दुबईला गेली, हे तुम्हाला माहीतच आहे. आखाती देशांत माल पाठवायचा तर खोका न् खोका डोळ्यांखालून घालणारा माणूस लागतो. आमचे चिरंजीव गेले. इस्त्रीचा शर्ट, फाइल, आणि सोबत वडील. आता हे वडिलांनी मुलाखतीला सोबत जाणं मला बिलकुल पटत नाही. मुलीसोबत आई जाते तेही नाही पटत. पोहोचवायला जा, गेटबाहेर चहा प्या, पण आत खुर्ची ओढून बसू नका हो! असो.

मॅनेजर वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी बायोडाटावर नजर फिरवली. "छंद वाचन. काय वाचता?"

पोरगं गडबडलं. पुस्तकाचं नाव काही सुचेना. शेवटी खरं तेच बोलून गेलं : "सर, पेपरातले केळीचे भाव वाचतो."

मॅनेजरांनी चष्मा काढला. "मग सांगा आजचा भाव."

पोरानं नवतीचा, म्हणजे नव्या लागवडीच्या केळीचा भाव सांगितला, पिलबागेचा, म्हणजे पिलांवर धरलेल्या केळीचाही सांगितला. वर हेही सांगितलं की जाहीर भाव अमुक असला तरी व्यापारी बांधावर कमीच देतो, आणि घड उन्हात पडून राहिला की आणखी पाडून मागतो. मॅनेजर काही न बोलता उठले, त्याला शेडमध्ये घेऊन गेले. बायका फण्या धूत होत्या, पुढे वजनकाट्यावर 13 किलोचे खोके भरणं चाललं होतं. त्यांनी एक फणी त्याच्या हातात दिली. "बघा."

पोरानं फणी उलटीपालटी केली, देठाशी बोट फिरवलं. म्हणाला, "सर, चीक पुरता गेला नाही. तुरटीच्या पाण्यातून लवकर काढली. पुढं डाग काळे पडतील."

धुणारी एक बाई हसली. म्हणाली, "मी सकाळपासून तेच सांगतेय!"

मॅनेजर वळले आणि विचारलं, "अहो, हे सगळं येतं तुम्हाला, मग या कागदावर का नाही?"

आणि पोरगं काय म्हणालं माहितीये? "सर, ते तर घरचं काम आहे."

घरचं काम! श्रोतेहो, कॉलेजात असल्यापासून हा कटाईच्या दिवशी घड मोजायचा, वजनपावती तपासायचा, मजुरांची हजेरी लिहायचा, व्यापाऱ्याशी पैशांवरून भांडायचा. आणि बायोडाटात काय, तर संगीत! नोकरी मिळाली त्याला. पुढच्या रविवारी भरीत-पुरी खायला आला तेव्हा आम्ही दोघांनी तो कागद नव्यानं लिहिला. (भरीत झकास होतं. थंडीतल्या वांग्याचं होतं म्हणून. हल्ली बारा महिने भरीत करतात आणि वर चव नाही म्हणून तक्रार करतात.) काय लिहिलं? "केळी कटाईच्या वेळी मोजणी, वजनपावती, मजुरांची हजेरी सांभाळली." एवढंच. खोटं एक अक्षर नाही.

म्हणून सांगतो, बायोडाटात तुम्ही खरोखर केलेलं काम लिहा. दुकानात बसत असाल तर ते लिहा. जिनिंगवर वजनाला उभे राहिला असाल तर ते लिहा. बचत गटाचा हिशोब आईसाठी तुम्ही ठेवत असाल, तर तेही लिहा. आणि ज्या कंपनीकडे अर्ज करताय तिला यातलं काय उपयोगाचं, ते वर घ्या. एकच कागद दहा ठिकाणी पाठवू नका.

आता घड्याळाकडे बघून भराभर बोलतो. आयटीआयवाल्यांनी अप्रेंटिसशिपला कमी लेखू नये. रेल्वेच्या लेव्हल 1, म्हणजे पूर्वीच्या ग्रुप डीच्या भरतीत 20 टक्के जागा रेल्वेत अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी असतात, आणि भुसावळ काही लांब नाही. वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी, दीपनगरचं वीज केंद्र यांच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवा. स्पर्धा परीक्षेवाल्यांना एकच विनंती. एमपीएससीला खुल्या गटाची वयोमर्यादा साधारण 38 आहे, म्हणजे 38 पर्यंत अभ्यासिकेत बसा असं सरकारनं सांगितलेलं नाही. किती वर्षं द्यायची ते घरच्यांसमोर बसून आधी ठरवा, आणि मधल्या काळात हाताला काहीतरी काम असू द्या. लग्न जमायला सरकारी नोकरीच लागते, ही पोरींच्या बापांची अट मोडली तर अर्ध्या अभ्यासिका रिकाम्या होतील, पण तो विषय वेगळा.

नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. मग तो कितीही जवळचा पाहुणा असो.

आणि कागदपत्रं. पुन्हा सांगतो, कागदपत्रं! दहावीच्या सर्टिफिकेटवरचं नाव आणि आधारवरचं नाव शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. वडिलांच्या नावापुढचं "भाऊ", "राव" एकीकडे असतं आणि दुसरीकडे नसतं. जाहिरात निघाल्यावर सेतू केंद्रात रांग लागते, त्याआधी जाऊन या. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत 31 मार्चला संपते, तुमचं कोणत्या सालापर्यंत आहे ते कार्यक्रम संपला की कपाट उघडून बघा. नमस्कार.