सहा पॉइंटचे पत्ते आणि एकच बोली

नमस्कार मंडळी, आवाज मागपर्यंत पोचतोय ना, कारण आज वरच्या पत्र्यावर पावसाचा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे. बाहेर फळ्यावर नुसतं 'ब्रिज, व्याख्यान' एवढंच लिहिलंय, त्यामुळे खाली चहाच्या गाड्यावर मला एकाने विचारलं की कुठला पूल, झुआरीचा का मांडवीचा. म्हटलं पत्त्यांचा. पण गंमत बघा, मी पत्त्यांचा ब्रिज शिकलो तो मांडवीच्या ब्रिजमुळेच. 1986 च्या जुलैमध्ये मांडवीवरचा पूल कोसळला, मी तेव्हा म्हापशाहून पणजीला नोकरीला जायचो, आणि संध्याकाळी बेतीला जायच्या फेरीबोटीसाठी धक्क्यावर ही एवढी रांग, वर पाऊस. ऑफिसातले एक सिनियर जवळच राहायचे, ते म्हणाले रांग ओसरेपर्यंत माझ्याकडे बस. मला वाटलं काय प्रेमळ माणूस. घरी गेल्यावर कळलं की त्यांचे तीन जण होते आणि चौथा भिडू मिळत नव्हता.

मला तोवर मेंढीकोट यायचा, बदाम सात यायचा, चवथीला घरी रात्रभर जे चालतं ते सगळं. ब्रिजमध्ये मी पहिले काही महिने एकच शब्द बोललो असेन, पास. माझा हिशेब साधा, पत्ते चांगले आले तर बोलायचं, वाईट आले तर गप बसायचं. आणि ते सिनियर मला दर डावाला म्हणायचे, अरे बाबा, चांगले पत्ते आल्यावर कुणीही बोलतो, त्यात काय शिकायचंय.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं, बाकीच्यांनी तोवर भजी संपवा. चार जण, समोरासमोर जोड्या, प्रत्येकी तेरा पत्ते. एक्क्याचे 4 पॉइंट, राजाचे 3, राणीचे 2, गुलामाचा 1, असे सगळ्या पत्त्यांत मिळून 40, म्हणजे माणशी सरासरी 10. आधी बोली लागते, की अमुक हुकूम धरून आम्ही इतके हात करू, आणि पहिले सहा हात गृहीत असतात, त्यामुळे तीन बदाम म्हणजे बदाम हुकूम आणि सहा अधिक तीन, नऊ हात. बोली फक्त वर चढते, खाली येत नाही. एक किलवरपासून सात नोट्रंपपर्यंत, नोट्रंप म्हणजे हुकूमच नाही, मोजून 35 पायऱ्या. हा आकडा जरा लक्षात ठेवा, त्याचं काम आहे.

आता हे पत्ते बघा, मी पुठ्ठ्यावर मोठे करून आणलेत. इस्पिकची सत्ती, चौकी. बदामचे राजा, राणी, गुलाम, नव्वी, छक्की, पंजी, तिर्री. चौकटची अठ्ठी, दुर्री. किलवरची दश्शी, पंजी. पॉइंट किती, सहा. सरासरीच्याही खाली. मेंढीकोटवाला माणूस म्हणेल टाकून दे. पण बदाम हुकूम झाला तर हेच पत्ते एकट्याने साधारण सहा हात करतात, एक्का त्यांचा जाऊ दे, नंतर राजा-राणी-गुलाम फिरवा, खालची पिल्लंही मोठी होतात. आणि दुसरा कुठलाही हुकूम झाला तर यांची किंमत एक हात, तोही नशिबात असेल तर. म्हणजे हे पत्ते स्वतःच्या घरात शेर आणि बाहेर अगदीच बिचारे. अशा पत्त्यांनी पहिल्याच बोलीला थेट तीन बदाम म्हणायचं, एक नाही, दोन नाही, तीन.

का, तर त्या 35 पायऱ्या. तीन बदाम ही तेरावी पायरी आहे. तुम्ही एका झटक्यात खालच्या बारा पायऱ्या उचलून नेल्या. समोरच्यांकडे, म्हणजे विरुद्ध जोडीकडे, चांगले पत्ते आहेत हे जवळपास नक्की, पण ते चांगले पत्ते एकमेकांना सांगायला त्यांना ज्या पायऱ्या लागतात, एक इस्पिक म्हणू, मग तू दोन किलवर म्हण, ती सगळी हळूहळू गप्पा मारायची जागा गेली. आता त्यांच्यातल्या एकाला चौदा पॉइंट घेऊन एकदम तीन इस्पिक म्हणावं लागतं नाहीतर गप बसावं लागतं, आणि जोडीदाराकडे काय आहे ते माहीत नाही. आपल्याकडे काय आहे याच्याशी त्या बोलीचा निम्माच संबंध आहे, उरलेली निम्मी समोरच्याची वाट अडवण्यासाठी असते.

आता हेच सहा पॉइंट दुसऱ्या तऱ्हेने देतो. इस्पिक राणी आणि एक बारका पत्ता, चौकट राणी आणि एक बारका, किलवर गुलाम आणि एक बारका, आणि बदाम सातच पण गुलामापासून खाली सगळा कचरा. सहा पॉइंट, सात बदाम, कागदावर जुळे भाऊ. पण इथे पॉइंट घरात नाहीत, बाहेर सांडलेत. बदाम हुकूम केला तर दोन-तीन हात हुकुमातच जाणार, उलट समोरच्यांच्या खेळात त्या राण्या कधी कधी एखादा हात मारतात. इथे पास. हा फरक कळायला मला, खोटं कशाला बोलू, चार वर्षं लागली.

मागून प्रश्न आलाय, की तीन बदाम म्हणून आपटलो तर? आपटायचंच आहे हो काका, फक्त किती ते मोजून. एकटे सहा हात, बोली नऊची, जोडीदार अगदी भोपळा निघाला तरी तीन डाऊन, म्हणजे तीन हात कमी. समोरच्याने डबल केलं, म्हणजे 'हे तुम्हाला जमणार नाही' म्हणून दंड वाढवला, आणि आपण व्हल्नरेबल, म्हणजे दंड आणि बक्षीस दोन्ही मोठे असलेली बाजू, नसलो तर पहिल्या हाताचे 100, मग 300, मग तिसऱ्याला 500. आणि त्यांनी चार इस्पिकची गेम, म्हणजे मोठ्या बक्षिसाची बोली, पुरी केली असती तर त्यांना 420 मिळाले असते, ते व्हल्नरेबल असते तर 620. म्हणजे अगदी वाईटात वाईट झालं तरी सौदा फार महाग नाही, आणि जोडीदाराकडून एक हात जरी आला तरी 300 च. पण आपण लाल, म्हणजे व्हल्नरेबल, असलो, पत्ते ठेवायच्या बोर्डावर आपल्या बाजूचा खण लाल असला, तर तेच आकडे 200, 500, 800. तीन डाऊन म्हणजे 800, त्यांची गेम 420 ची. म्हणून जुना नियम असा की लाल नसताना तीन हातांचं उसनं घ्यायचं, लाल असताना दोनच. पत्ते उचलायच्या आधी बोर्डाचा रंग बघायचा, ही सवय ज्याला नाही त्याच्यासमोर मी पैसे लावून खेळायला कधीही तयार आहे. पैसे लावून म्हटलं तसं, मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींवर हा खेळ मिळणार नाही, तिथे विचार करणाऱ्या गिऱ्हाईकाचा काय उपयोग.

आता माझी फजिती सांगतो, तेच पत्ते, हे पुठ्ठ्यावरचे, मी उगाच नाही निवडले. आम्ही लाल नाही, ते लाल, म्हणजे सोन्यासारखा मोका. मी तीन बदाम म्हणालो. डावीकडचा पास, माझा जोडीदार पास, उजवीकडच्या बाईंनी पाच मिनिटं वाटावीत एवढा विचार करून चार इस्पिक म्हटलं. माझी पाळी. मला वाटलं अरे यांना गेम मिळतेय, आणि माझे बदाम किती सुंदर, आणि मी पाच बदाम म्हणालो. जोडीदाराची पाळी यायच्या आधीच. डबल. समोर पत्ते पसरले तर जोडीदाराकडे बदामचा एकच पत्ता आणि इस्पिकचे एक्का, राणी, दश्शी, नव्वी. तो त्या चार इस्पिकला डबल करायला दबा धरून बसला होता, इस्पिकचे तीन हात आणि माझा बदामचा एक, डाऊन होते त्या बाई, 200 आम्हाला. त्याऐवजी माझे सहा हात आणि त्याचा एक्का, सात, बोली अकराची, चार डाऊन, 800 गेले. हजाराचा फरक, टीमच्या स्पर्धेतल्या गुणांत, त्यांना इम्प म्हणतात, 14 इम्प. जोडीदार काही बोलला नाही, पत्ते गोळा करून पाकिटात घातले आणि चहा प्यायला गेला. त्या चहाची आठवण मला अजून आहे.

माझं चुकलं कुठे, तर तीन बदाम म्हणताना मी माझ्याकडचं सगळं सांगून टाकलं होतं, सात बदाम, बाकी काही नाही. दुसऱ्यांदा तोंड उघडायला माझ्याकडे नवीन काही नव्हतंच. यापुढचे निर्णय जोडीदाराचे, कारण त्याला माझे पत्ते माहीत आहेत आणि मला त्याचे नाहीत. त्याच्याकडे दोन-तीन बदाम असते तर त्यानेच वर चढवलं असतं. यालाही हिशेब आहे, जाँ-रेने व्हेर्न नावाच्या फ्रेंच माणसाने 1966 मध्ये मांडला, ढोबळ मानाने असा की दोघांत मिळून जितके हुकूम तितक्या हातांच्या बोलीपर्यंत जायला फारशी भीती नाही, नऊ हुकूम तर नऊ हात, दहा तर दहा. पण दोघांचे मोजायचे, एकट्याचे सात धरून स्वप्नं बघायची नाहीत.

एक उलटं उदाहरण, घाईने सांगतो. उजवा एक चौकट म्हणतो, आणि... नाही, थांबा, डावा म्हणतो, जोडीदार डबल म्हणतो, उजवा पास, आणि तुमच्याकडे शून्य पॉइंट. चार बारके इस्पिक आणि बाकी भुसा. नवशिक्या म्हणतो माझ्याकडे काहीच नाही, पास. चूक! ते डबल म्हणजे 'तुझा लांब रंग सांग' असा प्रश्न असतो, त्याला उत्तर द्यावंच लागतं, नाहीतर समोरचे डबल झालेली एक चौकट मजेत करतात, वरच्या प्रत्येक हाताला आणखी 100, लाल असले तर 200. इथे एक इस्पिक म्हणायचं, मान खाली न घालता. जितके वाईट पत्ते तितकं बोलणं सक्तीचं.

आणि बोलताना चेहरा. ऊं... करून, छताकडे बघून, उसासा टाकून पास म्हणायचं नाही, कारण तो उसासाही जोडीदाराला माहिती देतो आणि ती वापरायला नियमाने बंदी आहे. म्हणून तर स्पर्धेत तोंडाने बोलतच नाहीत, बॉक्समधून कार्ड काढून ठेवतात, आणि उडी मारून बोली करायची तर बऱ्याच ठिकाणी आधी स्टॉपचं कार्ड, पुढच्याने दहा सेकंद थांबायचं, विचार असो नसो. आमच्या पणजीच्या बैठकीत हे काही नव्हतं, त्या सिनियरांचा खोकला ऐकून मला त्यांचे एक्के कळायचे.

तीन बदाम म्हणायला हात थरथरतो त्याचं कारण मला वाटतं आपल्या घरचं वळण. नसताना असल्याचा आव आणू नको, हे लहानपणापासून ऐकलेलं. पण इथे आव नाहीये, टेबलावर चौघांनाही माहीत असतं की तीन बदाम म्हणजे पत्ते हलके, समोरच्याने विचारलं तर जोडीदाराने ते सांगायचंच असतं. सगळं उघड असूनही त्यांना त्रास होतो, हीच तर मजा.

बरं, चहा आलाय. प्रत्येक टेबलावर चार बोर्ड लावून ठेवलेत, पत्ते मुद्दाम रचलेले. टेबलाच्या चार बाजूंना चार दिशांची नावं, बोर्ड 3 मध्ये साऊथ पहिला बोलणार, ईस्ट-वेस्ट लाल, आणि साऊथला काय आलंय ते तुम्ही पुठ्ठ्यावर बघितलंच आहे. कुणी पाच बदाम बोललात तर मला सांगायला येऊ नका, जोडीदाराला चहा नेऊन द्या.