फोकस अंगठ्याने की तर्जनीने? बॅक-बटण फोकस कधी लावायचा, कधी नाही

नमस्कार मंडळी! कॅमेरा हातात घेतलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी कुणीतरी सांगतंच, "बॅक-बटण फोकस लाव, सगळे प्रो तोच वापरतात." माझं मत वेगळं आहे. तुम्ही कशाचे फोटो काढता, यावर हे बटण ठरवा. आज त्यासाठी आपण आपल्या नाशिकच्याच जागा घेऊ.

आधी यंत्रणा समजून घ्या. नव्या कॅमेऱ्यात शटर बटण दोन कामं करतं. अर्धं दाबलं की फोकस, पूर्ण दाबलं की फोटो. बॅक-बटण फोकसमध्ये आपण फोकसचं काम त्याच्याकडून काढून मागच्या एएफ-ऑन (एएफ म्हणजे ऑटोफोकस) बटणाला देतो. फोकस अंगठ्याकडे, फोटो तर्जनीकडे. कॅननने ही सोय १९८९ सालीच ईओएस ६३० या फिल्म कॅमेऱ्यात दिली होती.

एक अट मात्र पाळायची. फोकस मोड कंटिन्युअस हवा, म्हणजे निकॉन-सोनीवर एएफ-सी, कॅननवर सर्व्हो. मग अंगठा दाबून धरलात की कॅमेरा हलत्या विषयाचा पाठलाग करतो आणि अंगठा उचललात की फोकस आहे तिथेच थांबतो. थांबलेला विषय आणि पळता विषय, दोन्हींसाठी मोड न बदलता काम होतं. हा फायदा खरंच मोठा आहे.

[पडद्यावर: पाणकणसांत उभी जांभळी पाणकोंबडी]

नांदूर मध्यमेश्वरला चला. निफाड तालुक्यात, गोदावरी-कादवेच्या संगमापाशी. २०२० साली हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालं. हिवाळ्यातली सकाळ आहे, समोर पाणकणसांच्या दाटीत जांभळी पाणकोंबडी. तिने मान वर काढली की फोटो घ्यायचाय. शटरवरच फोकस असेल, तर दर वेळी बटण अर्धं दाबताना कॅमेरा नव्याने शोध घेतो आणि पुढच्या एखाद्या पात्यावर जाऊन अडकतो. अंगठ्याने एकदा तिच्यावर फोकस करा, अंगठा उचला आणि वाट बघा. पक्षी जागेवर आहे तोवर फोकस हलत नाही. तेवढ्यात वरून मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी आला, तर कॅमेरा वळवा, अंगठा दाबून धरा, पाठलाग सुरू. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांनी बॅक-बटण शिकून घ्यायलाच हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

दुसरी जागा जुन्या नाशकातली. रंगपंचमीला रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याचा जमिनीतला हौद, उघडते आणि पोरं धावत येऊन तिच्यात धप्पा मारतात, म्हणजे उडी घेतात. इथे अडचण असते उडणाऱ्या रंगाच्या पाण्याची. धप्पा बसला की पाण्याची भिंत उभी राहते आणि फोकस माणसाला सोडून त्या थेंबांवर जातो. म्हणून रहाडीच्या काठावर उभ्या असलेल्या माणसावर आधीच फोकस करा, ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ/८ च्या आसपास ठेवा म्हणजे थोडं पुढे-मागेही स्पष्ट येईल, अंगठा काढा. आता तर्जनीला एकच काम उरलं, क्षण पकडण्याचं. कॅमेऱ्याला पाण्यापासून जपा, आणि जमलं तर एखाद्या घराच्या गॅलरीत जागा मिळवा.

आता ढोलपथकाच्या मिरवणुकीत या. वादक समोरून चालत येताहेत, चेहरे बदलताहेत, आणि तुमच्याकडे डोळे ओळखणारा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा आहे. इथे शटर बटण अर्धं दाबून धरा आणि काढत राहा. डोळा शोधण्याचं काम कॅमेरा करतोय, तर अंगठ्याला कशाला गुंतवायचं? कारण बॅक-बटणाचा एक तोटा कुणी फारसा सांगत नाही: अंगठा एएफ-ऑनवर असेल, तर त्याच वेळी मागच्या जॉयस्टिकने फोकस पॉइंट, म्हणजे फ्रेममध्ये कॅमेरा जिथे फोकस करतो तो चौकोन, सरकवता येत नाही. गर्दीत एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर जायचं असेल, तर हे फार जाणवतं. लग्नांत, लहान मुलांचे फोटो काढतानाही मी शटर-बटणच सुचवेन.

फोकस करून मग फ्रेम वळवण्याच्या सवयीबद्दल सावध करतो. ८५ एमएम लेन्स, ॲपर्चर पूर्ण उघडं म्हणजे एफ/१.४, माणूस दीड मीटरवर. डोळ्यावर फोकस केला आणि कॅमेरा १० अंश वळवला, तर फोकसची पातळी डोळ्याच्या मागे सुमारे २ सेंटीमीटर जाते. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर तिथे सगळी मिळून स्पष्टता साधारण अडीच सेंटीमीटरची, म्हणजे फोकसच्या पातळीपासून डोळ्याच्या बाजूला फक्त सव्वा सेंटीमीटर. डोळा धूसर येणार. बटण कुठलंही असो, अशा पोर्ट्रेटला फोकस पॉइंटच डोळ्यावर न्या.

मग मधला मार्ग आहे का? आहे, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी तोच सांगतो. फोकस शटरवरच राहू द्या आणि मागच्या बटणाला फोकस थांबवायचं काम द्या, म्हणजे एएफ लॉक. दाबून धरलं की फोकस गोठतो, सोडलं की पुन्हा सुरू. पाणकोंबडीसाठी बराच वेळ दाबून धरावं लागेल, पण रोजच्या कामाला पुरतं.

सेटिंग. निकॉनच्या वरच्या मॉडेलांत कस्टम सेटिंगच्या ए गटात एएफ ॲक्टिव्हेशन, तिथे एएफ-ऑन ओन्ली. डी३५०० सारख्या कॅमेऱ्यात एई-एल/एएफ-एल बटणालाच एएफ-ऑन करा. सोनीवर एएफ विथ शटर बंद. कॅननच्या आर मालिकेत बटणं कस्टमाइझ करताना शटरला फक्त मीटरिंग स्टार्ट (प्रकाश मोजणं) द्या. १५००डी वर चांदणीच्या बटणाने फोकस होतो, पण पर्याय 'एई/एएफ, नो एई लॉक' हाच घ्या, नाहीतर शटर अर्धं दाबताच एक्स्पोजर, म्हणजे प्रकाशाचं माप, लॉक होऊन बसेल.

निकॉनच्या व्हीआर (हाताची थरथर सावरणाऱ्या) लेन्स वापरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. एएफ-ऑनने व्हीआर सुरू होत नाही, त्याला शटर अर्धं दाबावंच लागतं. म्हणून लांब लेन्सवर अंगठा आणि तर्जनी दोन्ही एकदमच बटणावर असू द्या.

आणि कॅमेरा घरच्या कुणाच्या हाती देणार असाल, तर शटर-फोकसचं सेटिंग डायलवरच्या सी१ किंवा यू१ मध्ये, म्हणजे आपली सेटिंग साठवायच्या जागेत, साठवून ठेवा. मावशींना बॅक-बटण समजावत बसण्यापेक्षा डायल फिरवून कॅमेरा हातात देणं सोपं.