४५ वजा ३८

(दृश्य : पहाट. पऱ्हाटीवर दव. कमरेला ओटी बांधून बाया वावराकडे निघाल्या आहेत.)

यवतमाळ जिल्ह्यातलं हे एक गाव. दिवाळीच्या आगेमागे वावरात सीतादही, म्हणजे कापूस वेचायच्या आधीची पूजा, झाली, पहिला वेचा सुरू झाला, की इथल्या शाळेच्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. आई सहालाच घराबाहेर पडते. धाकट्याला सांभाळायला घरी कोणीतरी लागतं. बहुतेक घरांत ते काम तिसरी-चौथीतल्या मुलीकडे येतं.

गावाचं नाव आम्ही सांगत नाही. या गोष्टीतली मुलगी अजून लहान आहे.

(दृश्य : शाळेचं आवार. कडुनिंब, हातपंप, दोन वर्गखोल्या.)

जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, तसे इथे दोन आहेत. मॅडमकडे पहिली-दुसरी, सरांकडे तिसरी-चौथी. तिसरीला शिकवायचं तर चौथीला काहीतरी लिहायला देऊन बसवायचं, मग उलट. दिवसभर हेच चालतं. आवारातच अंगणवाडी आहे, तिथल्या ताई समोरच्या पोडावरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीतल्या. व्हरांड्याच्या टोकाला चुलीची खोली, तिथे पोषण आहार शिजवणाऱ्या काकू. ही चार माणसं रोज एकाच आवारात असायची. मुलांबद्दल मात्र एकमेकांशी बोलत नव्हती, आणि बोलायला वेळ तरी कुठे होता?

(दृश्य : उघडी वही, अगदी जवळून. पेन्सिलीने मांडलेलं गणित.)

ही वही नीट पाहा. ४५ वजा ३८. उत्तर लिहिलंय १३.

प्राथमिकला शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीची ही चूक आहे. पाचातून आठ जात नाहीत, म्हणून मुलगी आठातून पाच काढते आणि तीन मांडते. मग चारातून तीन, एक. एक दशक सुटा करून घ्यायचा असतो, हे तिला उमगलेलंच नाही. सरांनी काड्यांचे गठ्ठे बांधून दाखवले, सोडून दाखवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच चूक. आठवड्यातून दोन दिवस ती शाळेतच नसायची, त्यामुळे परत पहिल्यापासून.

सरांच्या तोंडून तेव्हा एक वाक्य गेलं, ते त्यांनी आम्हाला स्वतःहून सांगितलं. ‘पहिली-दुसरीत पायाच कच्चा ठेवलाय.’ मॅडमनी ते ऐकलं आणि त्यांना ते फार लागलं. पुढे कितीतरी दिवस दोघांत फक्त कामापुरतं बोलणं होतं.

हे वाक्य काही या एका शाळेचं नाही. हायस्कूलवाले प्राथमिकला नावं ठेवतात, चौथीचे शिक्षक पहिलीच्या, पहिलीचे अंगणवाडीला बोलतात, आणि अंगणवाडीत कोणी वैतागलं की घरच्यांवर येतं. ज्या मुलासाठी हे सगळं चाललंय ते मधल्यामध्ये राहून जातं. मला विचाराल तर आपल्या शाळांचं सगळ्यात मोठं नुकसान या बोट दाखवण्याने होतं. गळक्या छताबद्दल निदान तक्रार तरी करता येते.

(दृश्य : शनिवार. सकाळची शाळा सुटली आहे. व्हरांड्यात सतरंजी, चौघं बसली आहेत. मध्ये एक शंभर पानी वही.)

पुढाकार मॅडमनी घेतला. शनिवारी शाळा लवकर सुटते, तेव्हा अर्धा तास थांबायचं आणि दोनच मुलांबद्दल बोलायचं. काकूंना आणि ताईंनाही बोलवायचं. वहीत डाव्या पानावर मुलाचं नाव, उजव्या पानावर ज्याला जे दिसलं ते. नियम एकच होता. ‘लक्ष देत नाही’, ‘हुशार नाही’, ‘आळशी आहे’ यातलं काहीही लिहायचं नाही. डोळ्यांनी काय पाहिलं, कधी पाहिलं, तेवढंच लिहायचं. पहिल्या दोन-तीन शनिवारी उजवी पानं जवळजवळ कोरीच राहिली. मुलांबद्दल आपण मत भरपूर बाळगतो, पण पाहिलेलं फार थोडं असतं, हे मॅडमना तेव्हा कळलं असं त्या म्हणाल्या.

मग या मुलीचं नाव निघालं. सर म्हणाले, वजाबाकी येत नाही. काकू इतका वेळ भिंतीला टेकून गप्प होत्या.

‘सर, हे पोट्टी वजाबाकीत कच्ची हाय म्हणता? काल आमच्या वावरात काट्यापाशी होती थे. मायचा कापूस भरला अडतीस किलो, मावशीचा पंचेचाळीस. मी म्हटलं, किती कमी भरला वं तुह्या मायचा? उभ्या उभ्या सांगतलं तिनं, सात.’

मुलीच्या वहीत आधी नेमके हेच दोन आकडे नव्हते म्हणा, सुरुवातीला दाखवलेलं ४५ वजा ३८ सरांनी नंतर मुद्दाम दिलं. पण शनिवारचं ते पान आम्ही पाहिलं. काकूंचं बोलणं मॅडमनी जसंच्या तसं उतरवून घेतलंय, आणि त्याखाली सरांच्या अक्षरात एक ओळ आहे : ‘सोमवारी काटा आणणे.’

(दृश्य : वर्गाच्या चौकटीला टांगलेला काटा. कापसाचं गाठोडं. मुलं भोवती उभी.)

सोमवारी काटा आला. सरांनी मुलीला एवढंच विचारलं, तू सात कसं काढलंस? ती म्हणाली, अडतीसचे चाळीस व्हायला दोन, आणि वरचे पाच. म्हणजे ती वजा करतच नव्हती. लहान आकड्यापासून मोठ्यापर्यंत चालत जात होती. किराणा दुकानदार सुटे पैसे परत देताना असंच मोजतो. सरांनी तिची ही रीत फळ्यावर मांडली, सगळ्या वर्गाला तिच्याच तोंडून समजावायला लावली, आणि मग त्याच आकड्यांवर दशक सुटा करून दाखवला. दोन्हीकडून सातच येतात, हे तिने स्वतः ताडून पाहिलं. दोन-अडीच आठवडे लागले. १३ पुन्हा आलं नाही.

कापसावरून गणित शिकवणं विदर्भाला नवं नाही. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये, २२ आणि २३ तारखेला, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. हाताच्या कामातून शिक्षण हा विचार तिथे मांडला गेला, आणि पुढे झाकिर हुसेन समितीने त्याची आखणी केली. टकळीवरचं सूत मोजताना मूल गणित शिकेल, असं ते म्हणणं होतं. वर्धा इथून फार लांब नाही.

(दृश्य : अंगणवाडी. पाटावर लहान मुलं. ताई पहिलीच्या वर्गात येऊन बसतात.)

वहीतलं दुसरं एक पान पहिलीतल्या मुलाचं आहे. तो बोलायचाच नाही. त्याला ऐकू कमी येतं की काय, अशी मॅडमना शंका होती. ताई म्हणाल्या, घरी तो दिवसभर बडबड करतो, पण कोलामीत. महाराष्ट्रात कोलाम, कातकरी आणि माडिया गोंड या तीन जमाती विशेष दुर्बल म्हणून नोंदलेल्या आहेत. कोलामी भाषा द्रविड कुळातली. मराठीचं कूळ तिच्याहून वेगळं. आपलं पुस्तक मात्र पहिल्या पानापासून मराठीत बोलतं. २०२० चं शैक्षणिक धोरण सांगतं की जमेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावं. इथे ते जमवलं ते ताईंनी. अंगणवाडी मदतनिसांकडे सोपवून रोज सकाळी वीस मिनिटं त्या पहिलीत येऊन बसतात. मॅडम चित्र दाखवतात, ताई कोलामीत विचारतात, मुलगा कोलामीत उत्तर देतो, आणि मग तोच शब्द मराठीत येतो. मॅडमनी वहीच्या शेवटच्या पानांवर कोलामी शब्द लिहायला सुरुवात केली आहे. उच्चार चुकले की मुलं हसतात, आणि मॅडमना ते आवडतं.

सगळं असं गोडीत झालं नाही. वजाबाकीवाली मुलगी रोज यावी म्हणून तिच्या अडीच वर्षांच्या भावाला शाळेत आणू द्यावं, असं मॅडमचं म्हणणं. सर म्हणाले, वर्गात रडारड होईल, चाळीस मुलांचं नुकसान. तीन शनिवार वाद झाला. ताईंचीही अडचण होती, कारण अंगणवाडीत शिकायला बसवतात ती तीन वर्षं पूर्ण झालेली मुलं. शेवटी मुलीच्या आईला बोलावलं, तेही संध्याकाळी, ती वावरातून आल्यावर. भाऊ ताईंजवळ बसेल आणि मधल्या सुट्टीत बहीण त्याला पाहून जाईल, असं ठरलं. सरांना ते अजूनही पूर्ण पटलेलं नाही. तरी सकाळी भाऊ रडला तर त्याला कडेवर घेऊन अंगणवाडीत पोचवतात तेच.

(दृश्य : रिकामी खुर्ची. टेबलावर मतदार याद्यांचा गठ्ठा.)

कित्येक शनिवारी चौघं जमतच नाहीत. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना इतर कामाला लावू नये. तरीही ऑनलाइन माहिती, फोटो, तातडीचे तक्ते येतच राहतात, आणि ‘आजच भरा’ असा निरोप नेमका शनिवारी येतो. शिक्षकांनी एकत्र बसून मुलांचा विचार करावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधी त्यांचा हा अर्धा तास मोकळा ठेवावा. आणि काकूंना, ताईंना जे मिळतं ते मानधन आहे, पगार नाही. शनिवारचा हा अर्धा तास त्या पदरचा देतात. ते सांगितल्याशिवाय या व्हरांड्याचं चित्रण करणं मला बरोबर वाटलं नाही.

(दृश्य : जूनअखेर. ढग भरून आलेत. मोटारसायकलवर सर, मागे ती मुलगी, दप्तर पोटाशी.)

उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. चौथीनंतर मुलीला शेजारच्या मोठ्या गावी जावं लागतं. दाखला तर जातोच. या वेळी सरांनी वहीतली तिची दोन पानं उतरवून सोबत घेतली आहेत.

पाचवीच्या बाई दारातच उभ्या राहून ती वाचतात. सीतादही, काटा, अडतीस, पंचेचाळीस, धाकटा भाऊ. कागद घडी करून हजेरीत ठेवतात आणि मुलीकडे वळतात.

‘तुमच्या वावरात सरकी टोबून झाली का वं?’

‘अर्धं झालं, बाई. उद्या राहिलेलं.’

‘मग उद्या भावाकडे कोण?’

(दृश्य : मुलगी सरांकडे पाहते. पावसाचे पहिले थेंब. चित्र संपतं.)