कागदी बाहुलीला इरकल नेसवताना

(बेळगावात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अमेरिकेत कागदी बाहुल्या जमवणाऱ्यांची संमेलनं भरतात. शहर बदलतं, विषय बदलतो. चित्रकार आणि संग्राहक पडद्यावर चित्रं दाखवत बोलतात, एका दालनात बाहुली आणि तिचे कापायचे पोशाख छापलेले जुने तक्ते विकायला मांडलेले असतात आणि शेजारी कार्यशाळेच्या टेबलांवर जाड कागद, रंग, कात्र्या. मला त्या टेबलांविषयी बोलायचंय. माझं ठाम मत आहे की, भाषणं आणि खरेदी-विक्री एवढ्यानं हा छंद टिकला नसता. तो टिकला तो हातानं काम करणाऱ्यांमुळे.

थोडा इतिहास सांगते. १८१० साली लंडनच्या फुलर कंपनीनं छोट्या फॅनीची गोष्ट पुस्तकरूपानं काढली. सोबत कापून ठेवलेले कागदी पोशाख आणि एकच सुटं डोकं. गोष्टीत फॅनी दिमाखापायी चांगले कपडे गमावते, भीक मागायची वेळ येते, मग शहाणी होत होत पुन्हा नीटनेटकी होते. वाचणारं मूल तेच डोकं एका पोशाखातून काढून दुसऱ्यात खोचायचं. म्हणजे कपडा बदलला की माणसाची परिस्थिती बदलली, हे पोरांना बोटांनीच कळत होतं. १८१२ मध्ये अमेरिकेत बोस्टनला तसंच छोट्या हेन्रीचं पुस्तक निघालं. पुढं कागदी बाहुल्या मासिकांत आल्या. मॅकॉल्स मासिकातली बेट्सी १९५१ पासून घराघरांत कापली गेली.

मला सगळ्यात मोलाच्या वाटतात त्या दोन गोष्टी. १९४५ मध्ये बिल वॉगननं सुरू केलेल्या केटी कीन या कॉमिकमध्ये वाचक मुली स्वतः पोशाख काढून पाठवायच्या आणि तो त्यांच्या नावासकट छापायचा. आणि जॅकी ऑर्म्स. या कृष्णवर्णीय व्यंगचित्रकार बाईंनी पन्नाशीच्या दशकात आपल्या टॉर्ची या नायिकेच्या कागदी बाहुल्या वर्तमानपत्रात दिल्या. त्या काळी छापील चित्रांत काळी बाई दिसायची ती बहुधा मोलकरीण म्हणून आणि टिंगलीसाठी. ऑर्म्स यांची टॉर्ची देखणी, स्वतःच्या हिमतीवर जगणारी आणि उत्तम कपडे घालणारी. कागदाच्या एका पट्टीवर बाईंनी केवढं काम केलं बघा!

आता आपल्याकडे या. रविवर्म्यांच्या छापखान्यातली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं घेऊन त्यांवर जरी, टिकल्या, कापडाचे तुकडे चिकटवायची रीत होती. देवीच्या छापील लुगड्यावर खरं कापड चढायचं. कागदाला नेसवायची हौस आपल्याला परकी नाही. दिवाळीत आपली पोरं मातीचे किल्ले करतात, गोकाकची रंगीत लाकडी खेळणी तर आपल्याच जिल्ह्यातली. मग आपल्या आज्या-पणज्यांचे कपडे कागदावर का नकोत? शहापूर-वडगावात मागांचा खडखडाट ऐकत वाढलेले कितीतरी जण समोर बसलेत. काठ-पदर तुम्हाला मी काय शिकवणार? पण तो कागदावर उतरवताना जी अडचण येते, ती सांगते.

इरकल घ्या. अंग सुती, पदर लाल-पांढरा, आणि अंगाचा नि पदराचा ताणा फासे घालून जोडलेला. पदरावर कुठे कंगव्याचे दाते, कुठे किल्ल्याचा तट, कुठे जोंधळा. आठ इंचांच्या बाहुलीवर हे सगळं मावणार कसं? पाच फुटी बाई आठ इंचांत आली म्हणजे प्रत्येक माप साडेसात पटीनं लहान झालं. काठ चार इंची असेल तर बाहुलीवर तो जेमतेम अर्धा इंच. तेवढ्यात काठाचे रंग आणि पट्ट्यांचा क्रम दाखवता येतो. कसुती भरतकामाच्या टाक्यांचं गोपुर किंवा रथ त्यात काढायला जाऊ नका, नुसता ठिपका होईल. तक्त्याच्या कोपऱ्यात एकच नक्षी मोठी करून काढा. कसुतीचे टाके कापडाचे धागे मोजून घालतात, म्हणून ती आलेखाच्या कागदावर काढलीत तर पुढं कुणी त्यावरून खरी भरूही शकेल.

डोक्यावरून पदर असेल तर चेहऱ्यापुरती खिडकी कापायची. केसांच्या रेषेपेक्षा किंचित आत, म्हणजे भांग झाकला जातो आणि कुंकू दिसतं. खांद्यावरचे कान, म्हणजे पोशाख बाहुलीवर अडकवायला मागं दुमडायच्या पट्ट्या, रुंद ठेवा. सगळा भार त्यांच्यावरच येतो. कासोटा मात्र समोरून दिसणारच नाही. त्यासाठी बाहुली दोन्ही बाजूंनी काढावी लागते आणि लुगडं खांद्यावर दुमडून पुढं-मागं चढवावं लागतं. हे करायला बसलात की लगेच प्रश्न पडतो, कासोटा खोचल्यावर काठ पोटरीवर नेमका कुठून जातो? मग घरातल्या सगळ्यात थोरल्या बाईला विचारल्याशिवाय गत्यंतर नाही. विचारा. माझ्या लेखी कार्यशाळेचं सगळ्यात मोठं काम हेच. खणाची चोळी काढताना गुळेदगुड्डच्या खणाचे काठ बाहीवर येतात की पाठीवर, तेही विचारून घ्या.

जपणुकीचं थोडक्यात. संग्राहक न कापलेल्या तक्त्याला जास्त भाव देतात, म्हणून मूळ तक्ता तसाच ठेवा आणि कापायला झेरॉक्स घ्या. सेलोटेप अजिबात नको, तिचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो. लॅमिनेशनही नको, ते परत निघत नाही. खानापूरकडच्या पावसाळ्यात कपाट भिंतीला टेकवू नका. बुरशी आणि कसर दोन्ही ओलीवर जगतात.

दुपारच्या सत्रासाठी टेबलांवर जाड कार्डशीट आणि बाहुलीचा साचा ठेवला आहे. घरचे जुने फोटो ज्यांनी आणलेत, त्यांनी ते अल्बममधून ओरबाडून काढू नयेत. खिडकीच्या उजेडात मोबाइलनं फोटो घ्या आणि त्यावरून काढा. पाठीमागं पेन्सिलनं लिहा: बाई कोण, गाव कुठलं, लुगडं कुठून घेतलेलं, रंग कोण सांगतंय. काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग दिसत नाहीत, ते आज सांगणारं माणूस घरात आहे तोवरच मिळतील. मराठी, कानडी, ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत लिहा.