अडीच टक्क्यांचं जनुक

मंडळी, हिमोग्लोबिनच्या जनुकांवर बोलायचं म्हटलं की गाडी सहसा बीटा ग्लोबिनकडे, म्हणजे हिमोग्लोबिनची बीटा ही प्रथिनसाखळी बनवणाऱ्या जनुकाकडे वळते. सिकलसेल त्याच्यातल्या बिघाडामुळे, थॅलेसेमिया मेजर हा जन्मजात गंभीर रक्तक्षयही त्याच्यातल्या बिघाडामुळे, तेव्हा सगळा मानही त्यालाच. मी आज त्याला खेटून असलेल्या जनुकाबद्दल बोलणार आहे. डेल्टा ग्लोबिन, शास्त्रीय नाव एचबीडी. हे अख्खं बंद पडलं तरी माणूस ठणठणीत राहतो, त्याला साधा अ‍ॅनिमियाही होत नाही. आणि तरी नवरा-बायकोची थॅलेसेमियासाठी तपासणी होते, तेव्हा आम्ही रिपोर्टमध्ये आधी शोधतो तो याच जनुकाच्या मालाचा आकडा.

आधी पत्ता सांगतो. अकराव्या गुणसूत्राच्या आखूड बाजूवर पाच जनुकं ओळीनं बसली आहेत: एप्सिलॉन, दोन गॅमा, मग डेल्टा, शेवटी बीटा. गर्भात सुरुवातीला एप्सिलॉन चालतं, मग गॅमा, आणि जन्मानंतर काही महिन्यांत बीटा सगळा कारभार हातात घेतं. डेल्टाची पाळी अशी कधी येतच नाही. बीटाची साखळी १४६ अमिनो आम्लांची, डेल्टाचीही तेवढीच. फरक फक्त दहा ठिकाणी. हिमोग्लोबिनमध्ये चार साखळ्या: दोन अल्फा नावाच्या, दुसऱ्याच जनुकांच्या, आणि दोन या ओळीतल्या. दोन अल्फा आणि दोन बीटा मिळून नेहमीचं हिमोग्लोबिन ए, दोन अल्फा आणि दोन डेल्टा मिळून जे होतं ते ए-टू. ऑक्सिजन वाहायला ते अगदी व्यवस्थित आहे. पण मोठ्या माणसाच्या रक्तात ते असतं दोन ते तीन टक्के.

इतकं कमी का? माल चांगला आहे, कारखाना मंद आहे. जनुकाच्या अलीकडे जो चालू करण्याचा भाग असतो, तो बीटाचा धडधाकट आहे आणि डेल्टाचा मोडका. तांबड्या पेशीत ग्लोबिनचं काम सुरू करणारं एक प्रथिन बीटापाशी जिथे घट्ट बसतं, ती जागाच डेल्टापाशी धड उरलेली नाही. रीससकुळीतल्या माकडांत तर हे जनुक पार मुकं झालेलं आहे. आपल्यात ते अजून कुजबुजतं, इतकंच.

हे मंद असणं कधी कधी अंगाशी येतं. डेल्टा आणि बीटा इतके सारखे की जनुकांची अदलाबदल होताना क्वचित चुकीची जोडी लागते. मधला डीएनएच्या सुमारे सात हजार अक्षरांचा तुकडा गळतो आणि एक जोडजनुक तयार होतं: पुढचा भाग डेल्टाचा, मागचा बीटाचा. १९५८ साली एका इटालियन वंशाच्या कुटुंबात ते सापडलं आणि त्या कुटुंबाच्या आडनावावरून त्याला हिमोग्लोबिन लेपोर म्हणतात. तिथे उत्पादन डेल्टाच्या मंद गतीनं चालतं, म्हणून परिणाम थॅलेसेमियासारखा.

आता रिपोर्टकडे येऊ. एचपीएलसीचा, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या तपासणीचा आलेख तुम्ही पाहिला असेल. मधोमध एक उंच सुळका, ते आपलं नेहमीचं हिमोग्लोबिन ए. त्याच्या उजवीकडे थोड्या अंतरावर एक टेंगूळ, तो ए-टू. आई-बापांकडून आलेल्या बीटाच्या दोन जनुकांपैकी एक बिघडलेल्या माणसात, म्हणजे थॅलेसेमिया मायनर किंवा वाहकात, हे टेंगूळ वाढतं. कारण साधं आहे. अल्फा साखळ्या बीटाशी आधी जुळतात, डेल्टाला उरलंसुरलं मिळतं. बीटा कमी पडले की डेल्टाला जोडीदार मिळू लागतात. आकडा साधारण ३.५ ते ४ टक्क्यांच्या वर गेला, सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, तांबड्या पेशी लहान आणि संख्येनं भरपूर असल्या, की निदान जवळजवळ पक्कं.

‘जवळजवळ’ म्हणतो, कारण हा आकडा फसवतोही. अंगात लोह फार कमी असेल तर ए-टू खाली येतो. समजा एखाद्या गरोदर बाईचा खरा आकडा ३.८ आहे आणि लोहाच्या कमतरतेनं तो ३.३ दिसतोय, रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापून येतं. बी-१२ कमी असेल तर उलट, आकडा किंचित वर सरकतो. ए-टूच्या जागी २५-३० टक्के दिसले तर तो ए-टू नव्हेच. ईशान्य भारतात आणि बंगालमध्ये आढळणारं हिमोग्लोबिन ई त्याच जागी उतरतं. आणि सगळ्यात लबाड प्रकार म्हणजे बीटा बिघडलेला आणि डेल्टाही बिघडलेला. साक्षीदारच मुका, आकडा नॉर्मल, माणूस मात्र वाहक. असे लोक थोडे, पण असतात. म्हणून नुसता ए-टू पाहून रिपोर्ट हातावेगळा करणं मला पटत नाही. शेजारी सीबीसी ठेवलाच पाहिजे.

आपल्याकडे याला महत्त्व आहे. फाळणीनंतर उल्हासनगरला वसलेला सिंधी समाज, मुंबईतले लोहाणा आणि कच्छी भानुशाली, यांच्यात थॅलेसेमियाचे वाहक इतरांपेक्षा बरेच जास्त. पण बाकीच्या जातीजमातींत नाहीत असं मुळीच नाही. ‘आमच्यात हे नसतं’ हे वाक्य मी फार ऐकलंय.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली: मग सरळ डीएनएच का तपासत नाही? तपासतो की, पण दुसऱ्या टप्प्यात. बीटाचे बिघाड शेकड्यांनी आहेत, खर्च जास्त, वेळ जास्त. ए-टू त्या मानानं स्वस्तात आणि लवकर कळतो. गरोदर बाईच्या बाबतीत मात्र लोहाच्या गोळ्या देऊन तीन महिन्यांनी पुन्हा बघू, असं करू नये. त्याच आठवड्यात नवऱ्याचं रक्त घ्यावं. तोही वाहक निघाला किंवा दोघांपैकी कुणाचा रिपोर्ट संशयास्पद वाटला, तर दोघांचे डीएनए तपासायचे. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला मेजर मूल होण्याची शक्यता चारात एक, आणि वारेचा नमुना घेऊन गर्भाची तपासणी दहाव्या-अकराव्या आठवड्यापासून करता येते.