कुठल्या वाड्यावरचा?

नमस्कार श्रोतेहो. आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, गावात कोणी अनोळखी मुलगा दिसला, तर देवळाच्या पायरीवर बसलेले आजोबा आधी त्याचं नाव विचारत नाहीत. "खंयच्या वाड्यावरचो रे तू?" असं विचारतात. वाडा कळला की घर कळतं, आणि घर कळलं की आजोळापासून शेताच्या वाटेपर्यंत सगळं उलगडत जातं. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षी सूक्ष्मजीवशास्त्र सुरू झालं, तेव्हा हाच प्रश्न जंतूंना विचारायचा असतो हे कळायला मला चांगले चार महिने लागले. तोवर मी नुसती नावं घोकत होते. स्टॅफिलोकॉकस, क्लेब्सिएला, स्यूडोमोनास. रात्री पाठ, सकाळी कापूर.

मग एका वायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, मॅडमनी लेप्टोस्पायरा हा जंतू विचारला. मी धडाधड सुरू केलं: मळसूत्रासारखा आकार, टोकाला आकडा, साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही. मॅडम म्हणाल्या, "ते राहू दे. राहतो कुठे? माणसात शिरतो कुठून?" मी गप्प. राहतो उंदराच्या मूत्रपिंडात, मुतातून येतो शेताच्या पाण्यात आणि शिरतो कातडीवरच्या चिरांतून. लावणीच्या दिवसांत आईच्या टाचांना पडणाऱ्या भेगा मी लहानपणापासून पाहत आले, रात्री त्यांना कोकमाचं तेलही लावून दिलं. आणि तो दरवाजा काही मला ओळखता आला नाही.

तुमच्यापैकी अनेकांनी पणजीत चर्चजवळची गार्सिया द ऑर्ता बाग पाहिली असेल. हा पोर्तुगीज वैद्य. त्याचा ग्रंथ 1563 साली इथेच, गोव्यात छापला गेला. त्यात त्याने कॉलऱ्याचं वर्णन केलंय आणि रोगाला इथले लोक काय म्हणतात तेही नोंदवलंय. तो शब्द म्हणजे आपली मोडशी, पोर्तुगीज कानांनी ऐकलेली. वर्णन इतकं नेमकं, पण जंतू कोण, याचा पत्ता कोणालाच नव्हता. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी कॉलऱ्याचा जंतू वेगळा काढून दाखवला तो 1884 मध्ये, म्हणजे तीनशेहून अधिक वर्षांनी. मधल्या काळात साथींनी जुनं गोवं ओस पडलं आणि राजधानी पणजीला आली. मलेरिया या शब्दाचा अर्थच मुळी 'वाईट हवा'. दोष हवेला दिला आणि डास मोकळे फिरत राहिले.

आता प्रॅक्टिकलची गोष्ट. ग्रॅमचं रंगकाम, म्हणजे जंतू रंगवून ओळखायची रीत, हे आमचं पहिलं प्रॅक्टिकल. काचेच्या पट्टीवर जंतूंचा पातळ थर, तो ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवून पक्का करायचा. मग जांभळा रंग एक मिनिट, आयोडीन एक मिनिट, नंतर अ‍ॅसिटोन जेमतेम दोन-तीन सेकंद, आणि शेवटी लाल सॅफ्रॅनिन. जाड भिंतीचे जंतू जांभळा रंग धरून ठेवतात, पातळ भिंतीचे तो सोडून लाल होतात. चिऱ्याचं घर आणि कुडाचं घर, एवढाच फरक समजा. माझ्या शेजारची मैत्रीण शिगम्याच्या रोमटाचं, म्हणजे मिरवणुकीचं, काहीतरी सांगत होती आणि माझं अ‍ॅसिटोन ओघळतच राहिलं. जांभळे दिसायला हवेत ते स्टॅफिलोकॉकस गुलाबी झाले. मी आत्मविश्वासाने चुकीचं उत्तर लिहिलं. बोटं मात्र चार दिवस जांभळी होती, बसमधल्या एका आजींनी विचारलं, "जांभळां खाल्लीं गो?"

इम्युनॉलॉजीची, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या अभ्यासाची, पोरांना धास्ती असते, कारण तिथे दिसत काहीच नाही, नुसते बाण आणि अक्षरं. मला ते कळलं आमच्या शेजारच्या काकांमुळे. कुत्रा पोटरीला चावला, तर त्यांनी जखमेत हळद आणि तिखट भरलं. असलं काही करू नका हो. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं, घड्याळ लावून धुवायचं आणि तडक दवाखाना गाठायचा. तिथे काकांना दोन गोष्टी टोचल्या: दंडात लस आणि जखमेच्या आजूबाजूला सीरम. "एकाच कामाला दोन सुया कशाला?" असं काका कुरकुरले. त्याचं उत्तर मी आदल्याच आठवड्यात शिकले होते. लस म्हणजे आपल्या शरीराला दिलेली शिकवणी. त्यातून स्वतःच्या अँटिबॉडी, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, तयार व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. तोवर जखमेवर पहारा कोण देणार? म्हणून सीरममधून तयार अँटिबॉडी उसन्या आणायच्या. उसनवारी काही आठवड्यांत संपते, शिकलेलं टिकतं. रेबीजचा विषाणू नसांमधून मेंदूकडे सावकाश सरकतो, म्हणून तर चावल्यानंतर दिलेली लसही उपयोगी पडते. पण एकदा लक्षणं दिसू लागली की जवळजवळ काहीच हातात उरत नाही. काकांनी सगळ्या तारखा पाळल्या. कारण माझं व्याख्यान नव्हे, काकी.

आणि आमच्या सत्तरीला माकडताप नवा नाही. हा विषाणू पहिल्यांदा सापडला तो कर्नाटकात, शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात, 1957 मध्ये. सत्तरीत त्याने 2015 पासून माणसं आजारी पाडली. नावात माकड असलं तरी माणसाला तो देते गोचीड. माकडं मरून पडू लागली की समजायचं, त्या रानात गोचीड विषाणू घेऊन फिरते आहे. माणसाला चावते ती बहुधा तिची पिल्लं, तिळाएवढी. ती कोरड्या दिवसांत जास्त असतात, आणि नेमका तेव्हाच काजूचा हंगाम! बोंडू वेचायला माणूस पालापाचोळ्यात वाकतो, बसतो. तापाच्या माणसाजवळ बसून हा ताप लागत नाही, हेही सांगून ठेवते, कारण गावात आजाऱ्याला वाळीत टाकल्यासारखं वागतात.

पूर्वी बाबा गोचीड दिसली की तिच्यावर रॉकेल टाकायचे, नाहीतर पेटती अगरबत्ती टेकवायचे. दोन्हींनी ती आणखी बिथरते. कातडीच्या अगदी जवळ चिमट्याने धरून सरळ वर ओढायची, चिरडायची नाही, मग जागा साबणाने धुवायची. हे सांगितल्यापासून बाबा बागेतून आले की पडवीतच कपडे बदलतात आणि दिव्याखाली पाय पुढे करतात. चिमटा लागायचा, म्हणून मी बहिणीचा भुवया कोरायचा चिमटा घेतला. तो आता औषधाच्या डब्यात असतो, आणि बहीण अजून माझ्याशी धड बोलत नाही.