जमिनीपासून दीड फूट

(दृश्य : आमराई, संध्याकाळ. मागे हरिहरचा कातळ. सॅक उतरवून ठेवलेली मंडळी झाडांकडे बघत फिरतायत.)

हरिहर किल्ला बहुतेकांना माहीत आहे तो त्याच्या उभ्या पायऱ्यांच्या फोटोंमुळे. आज त्या पायऱ्या आपण चढणार नाही. पायथ्याच्या या आमराईतच थांबायचंय. नाशिकहून आलेली ही मंडळी बघा. आज ती तंबूत नाही, झाडांना टांगलेल्या झोळ्यांत, म्हणजे हॅमॉकमध्ये झोपणार आहेत. सगळ्यांच्या माना वर आहेत. कुणी फांदी निरखतंय, कुणी खोडाला मिठी मारून जाडी बघतंय, कुणी दोन झाडांमधलं अंतर पावलांनी मोजतंय.

काही वर्षांपूर्वी हीच माणसं मुक्कामाला पोचली की माना खाली घालून फिरायची. सपाट जागा कुठे, दगड किती टोचतील, पाणी कुठून वाहत येईल. तंबूवाल्याची सगळी चिंता जमिनीची.

(दृश्य : जुने फोटो. पठारावर तंबू, दोऱ्यांना बांधलेले दगड.)

आणि आपल्याकडची जमीन कशी, तर काळा बेसाल्ट आणि त्यावर चार बोटं माती. खुंटी ठोकायला जावं तर ती ठणकन उलटी येते. मग दोरीला दगड बांधा. वारा सुटला की दगड सरकतो, दगड सरकला की तंबू बसतो. पावसाळ्यात तर विचारू नका. त्र्यंबक-इगतपुरीच्या पट्ट्यात पाऊस कातळावरून पत्र्यावरून यावा तसा धावत येतो आणि तंबूच्या तळाखाली शिरतो. वरून पाणी नाही आलं तरी आतून येतंच. दोन माणसांच्या श्वासाची वाफ थंड कापडाला लागते, तिचे थेंब होतात आणि पहाटे तोंडावर पडतात.

(दृश्य : अंजनेरीचं पठार, श्रावणातलं. गवतात गुडघे टेकून बघणारी मुलगी. क्लोजअप : कंदीलपुष्प.)

हा फोटो मात्र नीट बघा. हे कंदीलपुष्प. शास्त्रीय नाव सेरोपेजिया अंजनेरिका, म्हणजे नावातच अंजनेरी. 2006 साली शास्त्रज्ञांनी या जातीची नोंद केली. वर्षाचा बराच काळ तिचा कंद मातीत दडून असतो. पाऊस पडला की गवतातून वर येते, फुलते आणि पुन्हा मातीत जाते. आणि येते कुठे, तर नेमकी तिथेच, जिथे तंबू लावायला छान सपाट जागा असते. तंबूचा तळ म्हणजे चार-पाच चौरस मीटर. त्याखाली एका रात्रीत काय काय दबतं, ते सकाळी घडी घालताना कुणी वाकून बघत नाही.

(दृश्य : दिंडोरी. द्राक्षबागेच्या बांधावर झाडाला बांधलेली लुगड्याची झोळी. आत बाळ. मागे घड उतरवणाऱ्या बाया.)

टांगून झोपण्याचं आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. जानेवारी उजाडला की सुरगाणा, पेठ भागातली कुटुंबं द्राक्षांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे येतात. आई बागेत, बाळ बांधावर. जुनं लुगडं, दोन गाठी आणि एक फांदी. खाली ओल असो, मुंग्या असोत, बाळ त्यांच्या वर. जाता-येता कुणीतरी एक झोका देऊन जातं.

मोठ्या माणसांनी असं झोपायची रीत मात्र लांबून आली. 1492 मध्ये कोलंबस कॅरिबियन बेटांवर उतरला, तेव्हा तिथले ताइनो लोक सुताच्या जाळीदार झोळ्यांत झोपत होते. दर्यावर्दी लोकांनी ती झोळी जहाजावर नेली. जहाज हललं तरी झोपलेला माणूस गडगडत नाही, आणि सकाळी गुंडाळली की जागा मोकळी. डोंगरावर फिरणाऱ्यांच्या पाठीवर ती पुष्कळ उशिरा आली. आता दुकानात मिळते, ऑनलाइन मिळते, पण आपल्या या मंडळींची झोळी नाशकातच शिवलेली आहे.

(दृश्य : जुन्या नाशकातली गल्ली. मंडपाच्या कापडाचे ढीग, शिलाई मशीन, भिंतीला टेकवलेल्या ताडपत्र्यांच्या गुंडाळ्या.)

हे मास्तर. आयुष्य मंडपाचे पडदे आणि ट्रकच्या ताडपत्र्या शिवण्यात गेलं. हे हलकं, पॅराशूटसारखं नायलॉन पहिल्यांदा हातात आलं, तेव्हा त्यांनी ते कानाजवळ धरून चुरगाळलं आणि म्हणाले, "याच्यात माणूस झोपवणार? ताई, हे तर छत्रीचं कापड."

आहे थोडंसं तसंच, पण उजेडात धरा. बारीक चौकटी दिसतात. ठरावीक अंतरावर जाड धागा विणलेला आहे. एखादं भोक पडलंच तर ते पुढच्या जाड धाग्यापाशी थांबतं.

(दृश्य : कापड जमिनीवर पसरलेलं. खडू, टेप, कात्री.)

अकरा फूट लांब, पाच फूट रुंद. लांबीच्या दोन्ही कडा दोनदा दुमडून टीप मारायची. दोन्ही टोकांना मात्र दोन इंच रुंद नेफा, अगदी परकराला असतो तसा. नाडीच्या जागी त्यातून दोरीचा फास जातो. फास ओढला की पाच फुटांचं कापड चुण्या पडत मुठीत गोळा होतं. सगळं वजन शेवटी या नेफ्यावर येणार, म्हणून इथे एक टीप पुरत नाही. एकमेकींना लागून तीन मारायच्या.

(दृश्य : सुईचा क्लोजअप.)

इथेच मास्तरांशी वाद झाला. झोळी शिवून घ्यायला आलेल्या ताईंनी सांगितलं, "मास्तर, टाका मोठा ठेवा." मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. "मोठा टाका म्हणजे कच्ची शिलाई. अशी शिलाई दिली तर गिऱ्हाईक माझ्या तोंडावर फेकंल."

शर्टाला त्यांचं म्हणणं लागू. या कापडाला नाही. टाके जवळजवळ पडले की सुईची भोकं एका रांगेत दाटीने येतात आणि कापड नेमकं त्याच रेषेवर फाटतं. टाका तीन ते चार मिलिमीटरचा हवा, आणि दोरा सुती नको, पॉलिस्टरचा हवा. मास्तरांना पटलं नाही. त्यांनी एका तुकड्यावर बारीक टाका घातला, दुसऱ्यावर मोठा. दोन्ही तुकडे पायाखाली धरून हाताने ओढले. पहिला तुकडा टर्रकन गेला. दुसरा गेला नाही. मास्तरांनी मशीनचा काटा फिरवला आणि चहा सांगितला.

या गल्लीतून आतापर्यंत बऱ्याच झोळ्या शिवून गेल्या आहेत.

(दृश्य : पुन्हा आमराई. पट्टा खोडाभोवती फिरवणारे हात.)

आता टांगणं. दोन झाडांत चौदा-पंधरा फूट अंतर, खोड मांडीएवढं तरी जाड, आणि झाड जिवंत. झाडाला दोरी थेट बांधायची नाही, हा इथला पहिला नियम. सालीच्या आत झाडाचं अन्न वाहून नेणारा जिवंत थर असतो. बारीक दोरीवर माणसाचं वजन आलं की ती साल कापत थेट तिथे पोचते. म्हणून हा पट्टा, दोन बोटं रुंद. तोही पॉलिस्टरचा, कारण नायलॉनचा पट्टा ताणतो, ओला झाला की आणखी ताणतो आणि मध्यरात्री पाठ जमिनीला लागते.

(दृश्य : जागेचे मालक, डोक्याला पागोटं, काठीने झाडाकडे बोट दाखवताना.)

पण सगळी झाडं सारखी नसतात. ही जागा ज्यांच्या मालकीची, ते बाबा स्वतः फिरून झाडं दाखवतात. "त्याला नको, पोरी. बिब्बा आहे तो. चीक लागला तर अंगभर फोड येतील." पांगाऱ्याला काटे, लाकूड पोचट. शेवगा तर वाऱ्यानेही मोडतो. आंबा चांगला, जांभूळ चांगलं, ऐनाचं झाड उत्तम. मात्र आंब्यावर पानं शिवून केलेली तांबड्या मुंग्यांची घरटी आहेत का ते बघायचं. वर वाळकी फांदी अडकली आहे का ते बघायचं. आणि आग्या मोहोळ दिसलं तर झाड सोडा, जागाच बदलायची.

(दृश्य : पट्ट्याचा कोन. हाताचं पिस्तूल करून मापणारी मुलगी.)

अंगठा आणि तर्जनी ताणून तिने हाताचं पिस्तूल केलंय. दोन्ही बोटांच्या टोकांना जोडणारी तिरकी रेषा पट्ट्याच्या उताराशी जुळली की जमिनीशी कोन झाला साधारण तीस अंशांचा. एवढी मापं कशाला? नवखा माणूस झोळी तारेसारखी ताठ बांधतो. त्याला वाटतं, ताठ म्हणजे सपाट. सत्तर किलोचा माणूस तीस अंशांवर झोपला तर प्रत्येक पट्ट्यावर सत्तर किलोचाच ताण येतो. कोन दहा अंशांवर आणला की तोच ताण दोनशे किलोवर जातो. पाच अंशांवर चारशे. माणूस तोच, झाड तेच, फक्त पट्टा ताठ. झोळ्या फाटतात, पट्टे तुटतात, बारकी झाडं वाकतात, ते यामुळे.

झोळीला थोडं सैल, हसऱ्या ओठांसारखं लोंबू द्यायचं. दोन टोकांमध्ये वरून एक बारीक दोरी ठेवतात, झोळीच्या लांबीच्या साधारण 83 टक्के, म्हणजे अकरा फुटांच्या झोळीला नऊ फुटांहून जराशी जास्त. झाडं जवळ असोत की लांब, झोळीचा बाक तोच राहतो. रात्री चष्मा अडकवायलाही हीच दोरी.

(दृश्य : वरून. मुलगी झोळीत बसते, पाय आत घेते, तिरकी होते.)

आता या चित्राकडे लक्ष द्या. आधी बसली. बसल्यावर बूड जमिनीपासून दीड फूट. याहून उंच टांगायचं नाही. गाठ सुटलीच तर दीड फुटावरून पडलेला माणूस शिव्या देत उठतो, चार फुटांवरून पडलेल्याला उचलून न्यावं लागतं. मग आडवी झाली. सरळ नाही, तिरकी. डोकं जरा डावीकडे, पाय उजवीकडे. कापडाच्या कर्णावर शरीर आलं की पाठीचा बाक निघून जातो. बाळ लुगड्यात चंद्रकोरीसारखं झोपतं, त्याला ते चालतं. चाळिशीच्या कमरेला चालत नाही.

(दृश्य : डिसेंबर. धुकं. झोळीखाली बाहेरून बांधलेली रंगीत गोधडी.)

थंडीचं काय? निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत दहाच्या खाली जातो, तेव्हा ही माणसं झोळीत गारठत नाहीत का? गारठतात. स्लीपिंग बॅगमधलं भरण पाठीखाली दबलं की त्यातली हवा जाते आणि ऊबही जाते. खालून वारा थेट पाठीला लागतो. आत फोमची चटई टाकली तर चालतं, पण ती रात्रभर सरकत राहते. म्हणून गोधडी झोळीच्या आत न घेता बाहेरून, खालच्या बाजूला टांगायची. चार कोपऱ्यांना इलॅस्टिक शिवलेलं. झोळीला ती लागून राहते, पण अंगाखाली दबत नाही. ही गोधडी एका आजीबाईंनी जुन्या नऊवारीची शिवली आहे, टाके अजून एका ओळीत आहेत. झोळीमुळे पाठीवरचं ओझं तंबूपेक्षा हलकं होतं असं म्हणतात, पण गोधडीचं वजन धरलं तर हा दावा फारसा टिकत नाही. पण ते असो.

(दृश्य : पाऊस. वर तिरकी ताणलेली ताडपत्री. पट्ट्याला बांधलेल्या सुतळीच्या टोकातून ठिबकणारं पाणी. हे दृश्य लांब ठेवावं.)

आणि हा जुलै. वर पॉलिस्टरची हलकी ताडपत्री, चारही बाजूंनी झोळीच्या एक हात पुढे. खोडावरून ओघळणारं पाणी पट्ट्यावर येतं, पट्ट्यावरून सरळ झोळीकडे निघतं. वाटेत त्याला ही वीतभर सुतळी भेटते. पाणी तिच्यावर उतरतं आणि जमिनीवर ठिबकतं. पुढचा पट्टा कोरडा. खालून ओहोळ वाहतोय, चपला तरंगतायत, आणि वर माणूस घोरतोय.

बिबट्याचं सगळेच विचारतात. तंबूचं कापडही कापडच असतं. खरकटं लांब, झोळ्या एकमेकींजवळ, आणि रात्री एकट्याने फिरायचं नाही. मच्छरदाणी मात्र बारा महिने.

या मंडळींनी आपले तंबू विकले. लहान मुलं असलेली दोन कुटुंबं त्यानंतर यायची थांबली, साल्हेर किल्ल्यासारख्या, झाडं नसलेल्या उघड्या माथ्यांवरचे मुक्काम यादीतून गेले, आणि तंबू भाड्याने देणाऱ्या पायथ्याच्या पोरांचं शनिवारचं उत्पन्न घटलं. वनखात्याच्या हद्दीत मुक्कामाला परवानगी लागते, ती झोळीलाही लागते. म्हणून अशा मालकीच्या आमराया.

(दृश्य : सकाळ. पट्टे सुटतायत. तळहाताने साल चाचपणारी मुलगी. बाबा काठी टेकून उभे.)

निघताना पट्ट्याखालची साल हाताने बघतात. ओरखडा दिसला तर त्या झाडाला पुढच्या वेळी सुट्टी. खाली गवत जसं होतं तसं उभं आहे, रात्री इथे कुणी झोपलं होतं याची खूण म्हणजे एक विझलेली चूल, तीही बाबांच्याच अंगणातली.

हिशेबाचा मात्र घोळ होतो. बाबा आधी तंबूमागे पैसे घ्यायचे. आता झाडामागे घेतात.

"अहो बाबा, पण या एका आंब्याला तिघांनी बांधलं होतं," ती म्हणते.

"मग?" बाबा म्हणतात. "आंबा एकच होता, पण धरून तर तिघांना ठेवलं ना त्यानं?"

तिने तिघांचे दिले.